गोमेदाच्या पोटातली चीर

आमच्याकडे खड्यांना पैलू पाडायचं काम बाबांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा चाकापुढे मी बसले. मोहाडीचा एक सोनार आमच्याकडूनच खडे घडवून नेई.

आणीबाणी उठली त्या वर्षी अंगठीत बसवताना त्याच्याच हातून एका गिऱ्हाइकाचा जांभळा खडा फुटला. त्याने कोंदण जास्त दाबलं होतं. पण ऐन बाजाराच्या दिवशी बाबांना दुकानात उभं करून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काहून गा बुढ्या, पोरीच्या हातचा माल मले देल्ला? तिले भाकरी थापू दे."

बाबा तसेच घरी आले. त्यानंतर ते मोहाडीला कधी गेले नाहीत. मी मात्र त्याचं काम सोडलं नाही. मला तो जवळच हवा होता.

सात-आठ वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. जावयाच्या अंगठीसाठी तो गोमेद घेऊन आला. "वजन कमी नोको करू, बाई. मोठा दिसला पायजे."

उजेडात धरला तर पोटात केसाएवढी चीर. मी बोलले नाही. चार दिवस खपून ती चीर खालच्या पैलूंत लपवली. इतकं सुरेख काम मी आधी कधीच केलं नव्हतं.

वाटलं होतं, बसवतानाच फुटेल. पण तो टिकला. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी मुद्दाम पुढे बसले. नवरदेवाच्या मामाने अंगठी हातात घेतली. "खडा हालून राहिला ना जी," तो म्हणाला. सोनाराने तिथंच औजार मागवलं, कोंदण दाबलं, आणि टक्कन दोन तुकडे झाले.

"काच आहे का जी?" मामाने विचारलं.

सोनार माझ्याकडे बघायला लागला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खडा खरा होता. बसवणाऱ्याचा हात चुकला."

मुलगी रडत आत गेली. तिचा काय दोष? पण तेव्हा मला ती दिसलीच नाही. लग्न झालं, पण सासरच्यांनी काचेची गोष्ट गावोगाव नेली. वर्षभरात अड्याळपासूनची गिऱ्हाइकं त्याला टाळून थेट माझ्याकडे यायला लागली.

बाबांनी एकदाच विचारलं, "चीर दिसली होती तुले?"

"दिसली होती."

"मंग सांगाले पायजे होतं, बेटा."

मला त्यांचाच राग आला. "तुमच्यासाठी नाही केलं, माझ्यासाठी केलं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.