भिलाईची विमानं आणि वर केलेले हात

आधी एक दुरुस्ती. आपल्या मंडळाच्या हस्तलिखित मासिकाच्या दिवाळी अंकात मी नागपूरच्या विमानतळाबद्दल लिहिलं होतं. त्यात विमान वाऱ्याबरोबर उतरतं असं विधान आहे. ते चूक आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतंही तसंच. माझं वाचून कोणी धावपट्टीच्या भलत्याच टोकाला जाऊन उभं राहिलं असेल तर त्यांची क्षमा मागते. या वेळी भिलाईत पोचल्यावर मी आधी वारा पाहिला. तिथे ते सोपं आहे, कारखान्याच्या धुराड्यांचा धूर कुठूनही दिसतो.

संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी जामुलच्या पुढच्या धावपट्टीवर विमानांचे खेळ होणार, असं मावशीचं पत्र आलं. मला विमानं पाहायची होतीच, पण त्याहून मोठं काम होतं. मी शाळेत कधी गेले नाही. गणित बाबांनी रेल्वेच्या वेळापत्रकावर शिकवलं, इंग्रजीही त्यांनीच. अशा मुलीला विमान चालवायला शिकता येईल का, हा प्रश्न एका खऱ्या वैमानिकाला विचारायचा होता. बाबा मालगाडीवर गार्ड आहेत. त्यांनी ड्यूटी बदलून घेतली आणि शुक्रवारी दुपारच्या पॅसेंजरने आम्ही डोंगरगडहून निघालो.

जाणाऱ्यांनी भिलाई पॉवर हाऊस या स्टेशनला उतरावं. गाडीत रोजगारासाठी निघालेल्या माणसांची फार गर्दी असते, तेव्हा डबा सोडून पाणी भरायला जाऊ नये. मावशीचं क्वार्टर कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरमध्ये आहे. सगळी घरं सारखी, झाडं अजून गुडघ्याएवढी. तिचे यजमान कोक भट्टीवर रात्रपाळीला होते. तिने कोथिंबीर भरलेली सांबारवडी तळून ठेवली होती. ताटावर बसल्याबसल्या म्हणाली, "शालू, तुले भेव नाही वाटत का वं त्या यंत्राचं?"

"वाटतं ना," मी म्हटलं.

"मंग कावून जाऊन राहिली?"

मी आणखी एक वडी घेतली.

शनिवारी सकाळी पॉवर हाऊसहून जामुलची बस धरली. तिथून पुढे मुरमाची वाट आहे. डोक्याला रुमाल बांधावा, घरचं पाणी न्यावं. वाटेत बाया तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला घालून टमाटरच्या चटणीबरोबर विकत होत्या. तो जरूर खावा. धावपट्टीशी दोऱ्या बांधून माणसं अडवली होती. बाबूलोक, ठेकेदाराचे मजूर, खेड्यांतून बैलगाड्या घेऊन आलेली घरं, आणि खुर्च्यांवर कारखाना उभारायला आलेली रशियन कुटुंबं, हातात शेंगांचे पुडे घेऊन.

पिवळं, एकावर एक दोन पंखांचं विमान वर गेलं आणि आकाशात गोल गिरकी घेऊन पुन्हा सरळ झालं, तेव्हा हजारो माणसं एकदम गप्प झाली. इंजिन नसलेलं ग्लायडर तारेने ओढून वर सोडलं. ते आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू आली. इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही.

दुपारी पाच रुपयांत लहान बंद विमानातून फेरी होती. बाबा आले नाहीत. म्हणाले, "मले शेवटच्या डब्यात बसाची सवय. याले शेवटचा डबा कुठं हाय?" मी गेले. जमीन सुटली तेव्हाही डोळे मिटले नाहीत. खाली कारखाना पसरलेला होता. भट्ट्यांची लाल तोंडं, क्रेनच्या माना, नुसते खांब उभे राहिलेल्या शेड आणि त्यांच्यामधून मुंग्यांसारखी माणसं. एवढं सगळं आपल्याच डोळ्यांदेखत उभं राहतंय याचा मला फार अभिमान वाटला. उतरल्यावर वैमानिकांनी हात धरून खाली घेतलं. नागपूरच्या फ्लाइंग क्लबचे, पन्नाशीचे, केस पिकलेले. हीच वेळ होती. मी "आभारी आहे" म्हणाले आणि चालू लागले.

"विचारलं?" बाबांनी विचारलं.

"मागे लोक खोळंबले होते."

बाबांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी आम्ही लवकर जाऊन दोरीशी पुढे उभे राहिलो. पिवळं विमान तेच गृहस्थ नेणार होते, एकटेच. डोंगरगडला आमचं क्वार्टर रेल्वेलाईनला लागून आहे. गाडी जाताना हातातलं काम सोडून तिची चाकं पाहायची, काही लोंबत असेल तर लगेच खूण करायची, ही बाबांची लहानपणापासूनची शिस्त. विमान समोरून हळूहळू निघालं तसं मी सवयीनेच ते पुढून मागे पाहिलं. पंखांमधल्या दांडीवर एक लाल फीत फडफडत होती. त्या दांडीवर बारीक नळी असते, हे मला नागपूरच्या विमानतळावर कळलं होतं. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला वेग समजतो. रात्री तिच्यावर कापडी टोपी घालतात आणि टोपी विसरू नये म्हणून लाल फीत लावतात. टोपी काढायची राहिली होती.

मी दोन्ही हात डोक्यावर ताठ केले. रेल्वेत याचा अर्थ गाडी थांबवा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते न विचारता स्वतःचेही हात वर केले. मागच्या बाईने केले, मग तिच्या सासूने, मग रशियनांनी. पाहता पाहता दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे हात वर. वैमानिकांनी हसून हात हलवला आणि विमान उडालं.

मी दोरीखालून वाकून मेकॅनिककडे धावले. फीत म्हणताच त्याचा चेहरा उतरला. विमानात बोलायची काही सोय नव्हती. आम्ही नुसते वर पाहत राहिलो. विमानाने एकही गिरकी घेतली नाही. रुंद वळण घेऊन ते परत आलं, इतकं अलगद टेकलं की लोकांना वाटलं हाच आजचा खेळ, आणि टाळ्या पडल्या.

वैमानिकांनी नळीवरची टोपी काढून खिशात घातली. मेकॅनिकला एवढंच म्हणाले, "निघण्याआधी मीच पाहायला पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून, "फीत तुम्ही पाहिली?"

"हो. हात वर केले होते."

"हात तर अख्ख्या भिलाईने वर केले होते, ताई."

वेग कळत नसताना उतरलात कसे, असं मी विचारलं. "पंखांच्या तारा वाजतात. वेग कमी झाला की सूर खाली येतो. तो ऐकत उतरलो." हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी भात शिजल्याचं वासावरून कळतं म्हणून सांगावं.

आता विचारणं मला आणखी कठीण झालं. फीत दाखवली त्याची वसुली केल्यासारखं दिसलं असतं. मी नमस्कार करून निघाले. बाबा वाटेतच उभे होते.

"विचार."

"आज नको, बाबा. बरं दिसत नाही."

"काल लोक खोळंबले होते, आज बरं दिसत नाही. साहेब, थांबा जरा. पोरीले काही विचाराचं हाय."

मग मी विचारलं. घरीच शिकले, दाखला नाही, हे आधी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅट्रिक बाहेरून देता येते, ते मागाहून पाहू. पहिले डॉक्टर. नागपूरला या, डोळे आणि कान तपासतील. तिथे पास झालात तर क्लबात या. नाही झालात तर मॅट्रिक होऊनही उपयोग नाही."

लहानपणी माझा डावा कान दोन पावसाळे वाहत होता. बाबांना ते ठाऊक आहे. परतीच्या गाडीत दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं, तरी दोघांपैकी कोणी कानाचं नाव काढलं नाही. मुसरा आलं तेव्हा बाबा माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि अगदी हळू म्हणाले, "चहा घेशील?"

"घेईन," मी म्हटलं. डाव्या कानाला ऐकू आलं म्हटल्यावर बाबांनी खिडकीतून चहावाल्याला हाक मारली.

घरी येऊन आता आठवडा झाला. कारखाना, ग्लायडर, तारांचा सूर, सगळं जसंच्या तसं मनात आहे. शक्य असेल त्यांनी भिलाई जरूर पाहावी. आई म्हणते, कानात तेल घालून पाहू, उन्हाळ्यात जा, एवढी घाई कशाला. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर काय, हा विचार रोज पहाटे येतो. तरी नाही म्हणायचं असेल तर ते त्यांनीच म्हणावं, मी नव्हे. रथसप्तमी सोमवारी आहे. त्या दिवशी आईबरोबर पूजा करीन. मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने मी नागपूरला जाणार आहे.