आत्मचिंतनाचे सर

पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी सरांना पाठीमागे ‘आत्मचिंतन’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, यावरूनच त्यांनी स्वतःविषयी कितपत चिंतन केलं असेल ते कळावं.

त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात सगळी नोकरदार, पोक्त मंडळी. कोणी कारखान्यात सुपरवायझर, कोणी ग्रंथपाल, आणि एक हॉस्पिटलातल्या सिस्टर. दर आठवड्याला प्रत्येकाने आत्मचिंतनाचा ब्लॉग लिहायचा: कामावर काय घडलं, त्यातून आपण काय शिकलो. सर खाली शेरा आणि गुण देत. सुरुवातीला ते शब्द न् शब्द वाचत. पुढे पुढे पहिल्या चार ओळींवर भागवू लागले. अनुभवी माणसाला तेवढ्यावरून अंदाज येतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. बायको म्हणायची, “माझंही तुम्ही पहिल्या चार शब्दांतच ओळखता.” सरांना ही स्तुती वाटायची.

एकदा वर्ग सुटल्यावर सिस्टर त्यांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज टेबलावर ठेवला. “सही हवी होती.”

“अहो, पण तुमची प्रगती उत्तम आहे,” सर म्हणाले. “मागच्या तीन ब्लॉगांना पाच, सहा आणि आता साडेसात.”

“तिन्ही एकच आहेत सर. मी फक्त तारीख बदलली.”

सरांनी कॉम्प्युटर उघडून पाहिलं. खाली त्यांचेच शेरे होते: ‘चांगली सुरुवात’, ‘विचार खोल होतोय’, ‘लक्षणीय वाढ’. ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते, ते त्यांनी कसेबसे गिळले.

“शून्य दिलं असतंत तरी राहिले असते,” सिस्टर म्हणाल्या. “ड्युटी करून, घरचं आवरून मी लिहायचं कोणासाठी?”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बसा,” म्हणाले आणि तो ब्लॉग पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचू लागले. एका म्हाताऱ्या पेशंटला घरी इन्सुलिन कसं घ्यायचं ते सिस्टरांनी तीन दिवस शिकवलं होतं. आजोबा रोज मान डोलवायचे आणि सिस्टर रोज कागदावर ‘समजलं’ अशी नोंद करायच्या. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी आजोबा बेशुद्धावस्थेत परत आले. त्यांना सिरिंजवरचे आकडेच दिसत नव्हते. ‘दिसतं का, हे मी विचारलंच नाही,’ इथे ब्लॉग संपत होता.

शेरा मारण्यात हयात गेलेल्या सरांनी आज शेऱ्याकडे न वळता मान वर केली.

“मग आजोबांचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

सिस्टर अजून उभ्याच होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेतली.

“पहिल्यांदा ब्लॉग टाकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी विचारेल म्हणून तोच पुन्हा पुन्हा टाकत होते.”