मनगटाला कळलेलं

मनगट लचकलं म्हणून लेक बाम चोळायला बसलीये. त्या वासासरशी मी मुलुंडच्या बागेत जाऊन उभी राहिले.

तोल जातो म्हणून बाबांना 'ताई ची' या संथ चिनी व्यायामाच्या वर्गाला घातलं होतं. जोडीच्या सरावाला मी असायचे. मनगटाला मनगट टेकवायचं, एकाने हलकेच रेटायचं, दुसऱ्याने झुकत मागे जायचं, पाय मात्र हलवायचे नाहीत. बाबांच्या हाताला कायम बामचा वास. त्या सकाळी मला बंगलोरच्या नोकरीचं त्यांना सांगायचं होतं. कसं सांगावं ते सुचेना, आणि मी उगाच जोरात रेटत होते.

"चेडवा, रेटतंस कित्याक?" बाबा मालवणीत म्हणाले. मग मनगट न काढता हळूच विचारलं, "कधी जातंस?"

मी हातच काढून घेतला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या हातान."

इतकं सहज विचारलं, याचा तेव्हा मला रागच आला. यांना काहीच कसं वाटत नाही!

लेक आज नेहमीपेक्षा जोरात चोळतेय. "हळू गं," मी म्हणते. बाबांनी सहज विचारलेले ते दोन शब्द मात्र काही केल्या तोंडातून फुटत नाहीत.