दादाचा चहा आणि मला बघायला आलेली माणसं

मला बघायला कळंबची मंडळी येणार ठरलं, तेव्हा आत्याची पहिली सूचना दादाबद्दल होती.

"त्याला तेवढ्यापुरता रानात धाडा."

दादा माझा थोरला भाऊ. तिशी ओलांडलेला. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. गाव त्याला 'खुळा' म्हणायचं. आमच्या वडिलांसमोर, आबांसमोर मात्र नाही.

आबा म्हणाले, "थोरला हाय त्यो ह्या घरचा. पावणं आल्यावर रानात कशाला जाईल?" विषय मिटला.

दादा तेव्हा आमच्या अंथुर्ण्याहून एसटीनं बारामतीच्या एका वर्गात जायचा. आईनं त्याला पोचवायचं, आईनंच आणायचं. त्याच्यासारखीच मोठी माणसं तिथं स्वतःचं स्वतः करायला शिकत: कपड्यांच्या घड्या, केरवारा, स्टोव्हवरचा चहा. चहा दादाला झकास जमला. सोबत त्यानं बाईंचा नियमही घरी आणला: ज्यानं प्यायला, त्यानंच कप धुवायचा. आबांनी जन्मात कप विसळला नव्हता. आता धुवायचे, पण आधी दार लोटून घ्यायचे.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे मामा आणि वडील. वडिलांना सगळे तात्या म्हणत. भरघोस मिशा, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. चहाचा ट्रे मी न्यायचा, अशी रीत. दादानं तो सोडला नाही.

"च्या मी केलाय."

तो ट्रे घेऊन पुढं, मी रिकाम्या हातांनी मागं.

तात्यांनी मला विचारलं, "सैपाक येतो का?"

"न्हाय," दादा म्हणाला. "भाकरी करपिवती."

आत्यानं तोंडाला पदर लावला. मुलगा जमिनीकडं बघत हसत होता, हे मी चोरून पाहिलं. तात्यांनी बशीतून फुर्रकन चहा संपवला आणि कप खाटेखाली सारला.

"तात्या, कप धुवा," दादा म्हणाला. "साबण मोरीत हाय."

तात्या आबांकडं बघायला लागले. आबा उठले, आपला कप घेतला आणि सवयीनं मोरीकडं चालू लागले. जाताना दार लोटायचंही विसरले. तात्या थोडे घुटमळले, मग धोतर सावरत मागोमाग गेले. मग मामा, मग मुलगा. मोरीपाशी रांग. दादानं तात्यांचा कप उजेडात धरून पाहिला आणि परत दिला.

"बशी ऱ्हायली."

तात्या मिशीतून असे हसले की बशी हातातून निसटता निसटता वाचली.

आठवड्यानं गावातल्या एसटीडी बूथवर होकाराचा निरोप आला. आत्या रडली, आबांनी पेढे वाटले. दादानं एवढंच विचारलं, "कळंबला यष्टी जाती का?"

माझं लग्न होईपर्यंत वर्गात बसच्या पाट्या वाचायचे धडे सुरू झाले होते. लग्नानंतर एका सकाळी तो म्हणाला, कळंबला एकटाच जाणार. आईनं नको नको म्हटलं, पण त्यानं पिशवी भरली.

मी कळंबच्या फाट्यावर उभी होते. जीव मुठीत. बस थांबली. दादा दारात आला, पण उतरेना. मागं वळून त्यानं शेवटच्या सीटकडं हाक मारली. तिथं एक माणूस टॉवेलात तोंड लपवून बसला होता.

"आबा, उतरा. कळंब आलं."