डग्ग्यासाठी दहा पोती

माणसानं घरात सोयाबीन कशासाठी ठेवावं? बियाण्यासाठी ठेवावं, नाहीतर भाव येईल म्हणून ठेवावं. मी दहा पोती ठेवली ती तबल्यासाठी. थांबा, हसू नका. अजून सुरुवातसुद्धा झाली नाही, आणि सगळं हसणं आत्ताच संपवलंत तर पुढं अडचण होईल.

मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि मला गाणं ऐकायचा नाद आहे. नुसतं वाजलं म्हणजे झालं, असला नाद नाही. डोळे मिटले की गायक मधोमध बसलेला, एका अंगाला पेटी, दुसऱ्या अंगाला तबला, असं दिसायला पाहिजे. म्हणून तीन वर्षांपूर्वी एकेक वस्तू जमवायला लागलो. नांदेडला एका दुरुस्तीच्या दुकानात जुना अँप्लिफायर मिळाला, तो मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला आणला. लेकराला धरावं तसा धरला होता. मग दोन स्पीकर घेतले, प्लेअर घेतला. स्पीकरच्या वायरी भिंतीच्या कडेनं मी स्वतः ओढल्या, खिळेसुद्धा स्वतः ठोकले.

पहिल्या दिवशी तबल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. आवाज कसा, तर तबलजीच्या बोटातली अंगठी ऐकू यावी इतका साफ. पण डाव्या हाताचा डग्गा गायब. नुसतं टिक टिक टिक, घुमतच नाही.

बायको, सुनंदा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या माणसाचा डावा हात दुखायलाय का?"

आता शास्त्राच्या माणसाला असं काही दिसलं की झोप येते का? डग्गा रेकॉर्डिंगमध्ये आहे. हेडफोन लावला की ऐकू येतो. मग खोलीत येईपर्यंत जातो कुठं? मी शोध घ्यायचं ठरवलं. आधी प्लेअर बदलला. फरक नाही. अँप्लिफायर बदलला. आवाज गोड झाला, डग्गा नाहीच. दुकानदार म्हणाला, "सर, सबवूफर लावा की, भिंती हालतील." मला रागच आला. लग्नाच्या वरातीतला डीजे आणायचा असता तर तीन वर्षं कशाला घालवली असती?

शेवटी स्पीकर बदलले. जुने आमच्याच कॉलेजातल्या गणिताच्या स्वामी सरांना दिले आणि कमरेइतके उंच नवे आणले. तरी टिक टिक टिक.

महिन्याभरानं स्वामी सरांकडं चहाला गेलो. त्यांनी माझेच जुने स्पीकर लावले, आणि डग्गा असा घुमला की बशीतला कप थरथरायला लागला.

"सर," स्वामी सर म्हणाले, "इतका चांगला माल तुमी दिला कसा?"

मी चहा तसाच ठेवून विचारात पडलो. प्लेअरचा दोष नाही, अँप्लिफायरचा नाही, स्पीकरचा तर नाहीच नाही. वायर मी स्वतः ओढलेली, म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. राहिली कोण? खोली. एकेक शक्यता बाद करत जायचं, विज्ञान असंच चालतं.

मग मी इंटरनेटवर खोल्यांचा अभ्यास सुरू केला. कुणीतरी लिहिलं होतं, खर्जाचा आवाज कोपऱ्यात जाऊन बिघडतो, तिथं काहीतरी जड आणि दाट भरून ठेवा. परदेशातले लोक त्यासाठी खास गाद्या बनवून घेतात. एकानं लिहिलं होतं, धान्याची पोती ठेवली तरी चालतं.

धान्याची पोती. लातूरच्या माणसाला हे सांगायला परदेशातला माणूस लागावा, याची मला लाजच वाटली.

मुरुडच्या पलीकडं आमचं गाव. शेती थोरला भाऊ बघतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. माझ्या वाट्याचं सोयाबीन दरवर्षी खळ्यावरून सरळ आडतीवर जातं. त्या वर्षी मी दादाला फोन केला.

"दादा, यंदा माझी पोती आडतीला नेऊ नको. घरी आणून टाक."

"घरी? कामून?"

"लागायलेत जरा."

खरं सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून नाही सांगितलं. त्या हसण्याला भिऊन मी पुढं काय काय ओढवून घेतलं ते बघा.

दादा सहा पोती टेम्पोत घालून स्वतः आला. मी बैठकीच्या चार कोपऱ्यांत टेप लावून जागा मोजली, पोती रचली, प्रत्येक पोत्यानंतर टाळी वाजवून आवाज ऐकला. दादा दारात उभा राहून बघत होता. पाणी प्यायला आणि गेला.

सुनंदा म्हणाली, "पाव्हणे आले तर त्यायला कुठं बसवू, पोत्यावर?"

डग्गा आला नाही. पण टाळीचा आवाज दबला होता, म्हणजे वाट बरोबर होती. आठ दिवसांनी मी परत फोन केला. "दादा, अजून चार पोती निघतील का? थोडं थांबलं की फरक पडेल असं वाटायलंय मला."

दादा हळूच म्हणाला, "म्हंजे नक्की?"

"नक्की असं न्हाई. पण लक्षणं चांगली हायत."

मी आवाजाबद्दल बोलत होतो हो. तिकडं गावात काय झालं ते मला पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. गावानं हिशेब लावला. सर दरवर्षी माल विकतात, यंदा घरात भरून ठेवायलेत. वर अजून चार पोती मागवून घेतली. सरांच्या वर्गात लातूरच्या आडत्यांची पोरं शिकतात, म्हणजे आतली बातमी असणारच. भाव वाढणार. भानुदास नावाचा आमचा एक शेजारी आहे, त्यानं भरलेला टेम्पो पुन्हा रिकामा केला. त्याचं बघून अर्ध्या गावानं माल धरून ठेवला. इकडं हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, बी आणायचं, खत आणायचं, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसलेले. मी आपला टाळ्या वाजवतोय.

एके दिवशी सकाळी अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे चुलते. गावातल्या भजनात पन्नास वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. चहा झाल्यावर त्यांनी पोत्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "लोकायनं मला पाठवलंय. तुज्या बापाच्या जागी हाव, खोटं बोलू नको. माल कवा इकायचा?"

"कुठला माल, अप्पा?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लोकांची पेरणी अडलीय, ती माझ्यापायी. आता सांगायचं कसं?

सुनंदानं माझी सुटका केली. म्हणजे तिला तसं वाटत असावं. "अप्पा, ती पोती गाण्यासाठी हायत."

"गाण्यासाठी?" अप्पांनी एका पोत्यावर हात ठेवला. "सोयाबीनला गाणं ऐकवायलास व्हय?"

मग सांगावंच लागलं. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "लाव बरं तुजा तबला."

लावला. अप्पा मधे बसले, मान वाकडी केली. "डग्गा मेला की रे ह्यो." मग उठले, डाव्या स्पीकरला कान लावला. "हितं जित्ता हाय." उजव्यापाशी गेले. "हितंबी हाय." परत मधे येऊन उभे राहिले. "आन् हितं न्हाई. ही दोघं एकमेकाला खायलीत. एकाला गप कर."

मी उजव्याची वायर काढली. आणि काय सांगू, एकट्या स्पीकरमधून डग्गा घुमला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी मटकन पोत्यावरच बसलो. कळलं ना तुम्हाला? दोन स्पीकरांपैकी एकाची वायर उलटी होती. एक हवा पुढं ढकलायचा तेव्हा दुसरा मागं ओढायचा. खर्जाची बेरीज शून्य. वायरीच्या दोन्ही तारा सारख्याच दिसणाऱ्या, म्हणून खूण करायला मी त्यांच्या टोकांना लाल दोरा बांधला होता. उजव्या वायरीला एका टोकाला या तारेवर बांधला, दुसऱ्या टोकाला त्या तारेवर. हेच मी दरवर्षी फळ्यावर दोन लाटा काढून शिकवतो. परीक्षेत हमखास येणार म्हणून दोनदा शिकवतो.

तारा बदलायला मिनिटसुद्धा लागलं नाही. दोन्ही स्पीकर लावले. अप्पांची बोटं आपोआप गुडघ्यावर चालायला लागली. "आता कसं," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की घडीभर मी गाव विसरलो.

अप्पा विसरले नव्हते. "आता गावाला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"मी कामून सांगू? फोन लाव. तूच सांग."

लावला. दादाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणालो, आजच्या आज माल न्या म्हणालो. दादा ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हंजे ती पोती आता लागत न्हाईत?"

"न्हाई."

"बरं. टेम्पो पाठवतो."

दोन दिवसांत गावाचा माल गेला. भाव होता तिथंच होता, कुणाचं नुकसान झालं नाही. हरभरा वेळेत पेरला गेला. माझा जीव भांड्यात पडला. चला, म्हटलं, थोडक्यात निभावलं. त्या आठवड्यात मी पोटभर तबला ऐकला.

मग भानुदासचा फोन आला. मी घाईघाईनं माफी मागायला लागलो.

"न्हाई हो सर, सोयाबीनचं सोडा. चूक मानसाच्याच हातून व्हती. एक इचारायचं व्हतं. राग न्हाई ना येनार?"

"विचार की."

"आमची पोरगी यंदा तुमच्याच वर्गाला हाय. फिजिक्सला." तो जरा अडखळला. "तिला तितंच ठिवू, का काडू?"

मी म्हटलं, "दोन दिवस थांब, अप्पांना विचारून सांगतो."