रोमन टोपाची परीक्षा

इंदापूरच्या ज्या लोहाराकडे मी कोयत्यांना धार लावून घेते, तो परदेशी हौशी मंडळींसाठी सोळाशे वर्षांपूर्वीच्या रोमन पायदळाचे टोप घडवतो. डोक्याच्या दोन बाजूंना दोन पत्रे, मधे रिवेटांनी जोडलेली उभी पट्टी. तो बोलतो तेही हातोड्याच्या दोन घावांमधे.

परवा कुरियरवाला दारात उभा असताना त्याने तयार टोप स्वतःच चढवला आणि हातोडा माझ्या हाती दिला.

"हाणा, वैनी."

"वेड लागलंय का? ते काय लढाईला निघालेत?"

"डोस्क्यातच घालणार न्हवं?"

मी हाणला. माझेच कान बधिर झाले. त्याने टोप काढला, डोकं चाचपलंसुद्धा नाही, पट्टीवरून बोट फिरवलं.

"एक रिवेट हाललं," म्हणाला आणि कुरियरवाल्याला रिकामा परत पाठवला.