काच भरलेली होती

काच भरलेली होती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

पळसदरी, केळवली मागे पडली होती. खोपोलीच्या सिंगल लाइनवर आमचं जतन केलेलं वाफेचं इंजिन स्टीलच्या कॉइल भरलेले आजकालचे वॅगन ओढत निघालं होतं. कॅबमध्ये आम्ही तिघं. ड्रायव्हर भोईरमामा केव्हाच निवृत्त झालेले, पण वाफेचं इंजिन हाकणारं दुसरं कोणी उरलं नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलेले. कोळसा टाकायला रोहिदास, एरवी इलेक्ट्रिक इंजिनावरचा असिस्टंट. आणि मी, या इंजिनाच्या देखभालीची इंजिनीअर. थोडक्यात, काळजी करण्याचा पगार घेणारी. घरीसुद्धा मी गॅस बंद केलाय की नाही ते बघायला जिन्यावरून परत जाते. नवरा म्हणतो, तुझ्या खात्याने माणूस अगदी बरोबर निवडलाय.

काच म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी उभी नळी. वाफेच्या इंजिनात सगळा जीव तिच्यात असतो. खाली आग, वर पाणी, मध्ये फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, पत्रा. तो पत्रा कायम पाण्याखाली राहिला पाहिजे. पाणी त्याच्याखाली गेलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वरची वाफ तो फाडून खाली येते. त्याच्या आधी एक पहारेकरी असतो. पत्र्यात शिसं भरलेला एक प्लग बसवलेला असतो. पाणी हटलं की शिसं वितळतं आणि त्या भोकातून वाफ खाली येऊन आग विझवते. व्यवस्था चांगली आहे. फक्त त्या क्षणी फायरबॉक्सचं दार उघडं असलं, तर ती वाफ दारासमोरच्या माणसावर येते. दारासमोर रोहिदास होता, फावडं घेऊन.

पळसदरीपासून आम्ही बॉयलरमध्ये पाणी घातलं नव्हतं. पाणी आत ढकलणारं यंत्र म्हणजे इंजेक्टर. काच भरलेली दिसल्यावर मामांनी ते बंद केलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. पण चढ होता, मागे वजन होतं, वाफ भसाभसा खर्च होत होती. काच उतरायला हवी होती आणि ती तसूभरही हलत नव्हती. वर धुराड्यातून धुराबरोबर राखाडी पाण्याचे शिंतोडे उडत होते. माझ्या बाहीवर पडलेले मी पुसले.

"पानी जास्त झालंय, मॅडम," मामा म्हणाले. "म्हनून उडतंय. इंजेक्टर बंदच बरा."

"मामा, इतका वेळ आपण थेंब घातला नाही. जास्त झालं कुठून?"

"कर्जतला भरलेलं ना."

ते बोलले आणि पुढे बघायला लागले. मला ते उत्तर पटलं नाही.

हा सगळा घाट सबनीस साहेबांनी घातला होता. साहेब तसे उत्साही. "इंजिन नुसतं शोभेला ठेवायचं नाही, मॅडम. काम करून दाखवायचं. आजचा माल, कालचं इंजिन." खोपोलीच्या एका कारखान्याला कॉइल जाणारच होत्या, त्यातले थोडे वॅगन आमच्या वाट्याला आले. जुन्या इंजिनाचा ब्रेक वेगळ्या पद्धतीचा आणि नव्या वॅगनचा हवेचा, म्हणून इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर बसवण्यात आमचा पावसाळा गेला. ते जमलं. मग मी म्हटलं, शेवटी एक डिझेल लावू या, काही झालं तर ते ढकलेल. साहेब म्हणाले, "डिझेल फोटोत येईल. लोक म्हणतील ढकलत आणलं." आणि जाता जाता हसत म्हणाले, "नीट न्या हं. आज फजिती झाली तर वरून ऑर्डर येईल, इंजिन ऑफिससमोर चौथऱ्यावर ठेवा म्हणून."

चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन मी पाहिलेलं आहे. त्याच्या धुराड्यात चिमण्या राहतात आणि दर वर्षी त्याला रंग मारतात. मला ते आमच्या इंजिनाचं व्हायला नको होतं. म्हणून काच बघूनही मी थोडा वेळ गप्प राहिले, हे खरं आहे.

फोन वाजला. साहेब खोपोली स्टेशनवरून बोलत होते, मागे बँड ऐकू येत होता.

"कुठे पोचलात?"

"डोळवलीच्या अलीकडे. साहेब, कदाचित थांबावं लागेल."

"का?"

"काचेतलं पाणी मला खरं वाटत नाही."

"पाणी कमी झालंय?"

"नाही. भरलेलं दिसतंय."

मग साहेब म्हणाले, "मॅडम, पाणी भरलेलं आहे म्हणून तुम्ही गाडी थांबवणार? पाहुणे आलेत इथे."

मी फोन खिशात टाकला. रोहिदासने फायरबॉक्सचं दार उघडलं आणि फावडं आत घातलं. त्या उजेडात त्याचं घामेजलेलं तोंड दिसलं आणि माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी आलं: उतू जाणारं दूध. दूध उतू जाताना पातेलं काठोकाठ भरलेलं दिसतं. गॅस बंद केला की कळतं, दूध तळाशीच होतं, वर नुसता फेस होता.

"रोहिदास, दार लाव. लाव आधी, आणि बाजूला हो." मग मी मामांकडे वळले. "मामा, रेग्युलेटर बंद करा." रेग्युलेटर म्हणजे वाफ सोडण्याचा दांडा, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर म्हणा.

"चढावर?" मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मागं लोखंड हाय, मॅडम. हितं थांबली तर परत उचलायची नाय. मग सगळी लाइन अडकंल."

"पाणी खरं असेल तर काच आहे तशी राहील, नुसता फेस असेल तर बसेल. मग मी तुमची माफी मागते आणि साहेबांच्या शिव्याही मीच खाते. बंद करा."

"आमी हयात घालवली ह्याच्यात."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दुसऱ्याला सांगितलं नसतं, मीच दांडा ओढला असता."

त्यांनी दांडा आदळला. धुराड्याचा आवाज थांबला. तिघंही काचेकडे बघत होतो. पहिल्यांदा काहीच झालं नाही आणि मला स्वतःची लाज वाटायला लागली. मग काचेतली रेघ हलली. हळू हळू नाही, जिना उतरल्यासारखी खाली आली. अर्ध्यावर आली, पाव राहिली, आणि खालच्या नटामागे गेली. काच रिकामी झाली.

मामांचा हात इंजेक्टरकडे गेला. सवयीने जातोच. मी तो धरला.

"नको. पत्रा उघडा पडला असेल तर गार पाणी घालायचं नाही."

तापल्या तव्यावर पाणी मारलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि इथे तवा आमच्या डोक्याच्या उंचीचा होता. काचेत पाणी दिसत नाही आणि खात्री नाही, तर आग खाली टाकायची, एवढा एकच नियम उरतो. आगीखालची जाळी फिरवायची, जळता कोळसा खाली पाडायचा, की इंजिन मेलं. पुन्हा वाफ धरायला अख्खा दिवस लागतो. म्हणजे फजिती नक्की, आणि चौथराही बहुधा नक्की.

गाडी थांबत आली होती. मामांनी ब्रेक लावला. "टाका," ते एवढंच म्हणाले.

मी आणि रोहिदासने जाळीच्या दांड्याला हात घातला. दांडा हलेना. मी देवाचं नाव घेत होते की दांड्याला शिव्या देत होते, ते आता आठवत नाही. शेवटी मामा आले, आम्ही तिघांनी मिळून ओढला आणि खाली धडधड आवाज झाला.

तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला. "आगं ए बाय, इस्तव कुठं टाकतेस? पेंढा हाय माझा."

लाइनीच्या कडेला वालाचं शेत होतं आणि शेताच्या बांधावर भाताच्या पेंढ्याची उडवी. शेतातली म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं म्हणणं रास्त होतं. निखारे स्लीपरवर पसरले होते आणि वारा तिच्याच बाजूला होता. गार्ड मागे वॅगनचे हँडब्रेक आवळत होता, त्यामुळे माणसं आम्हीच. रोहिदासने बादल्या काढल्या आणि टेंडरचा नळ सोडला. टेंडर म्हणजे इंजिनाच्या मागची कोळशाची आणि पाण्याची गाडी. बॉयलरचं पाणी तिथूनच येतं.

बादली अर्धी भरली आणि तिच्यावर फेस चढला. पांढरा, जाड, बोटभर फेस.

मामांनी त्यात हात घातला, चोळला, नाकाशी नेला. "मॅडम, ह्याला लिंबाचा वास येतोय."

मी बाही हुंगली. तिलाही येत होता.

बॉयलरमध्ये साबण गेला की पाणी उकळताना फेसाळतं. फेस वर चढतो आणि काच भरलेली दिसते. माणूस इंजेक्टर बंद करतो. खरं पाणी गुपचूप संपत जातं. हे मला पुस्तकात माहीत होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने लिंबाचा वास लिहिला नव्हता.

साबणाच्या पाण्याने आम्ही म्हातारीचा पेंढा भिजवला आणि निखारे विझवले. मग मी साहेबांना फोन केला.

"कारण काय सांगू मी पाहुण्यांना?"

"साबण."

"काय?"

"साबण, साहेब. कपडे धुवायचा."

त्यांनी फोन ठेवला. कर्जतहून डिझेल आलं आणि आम्हाला मागच्या मागे ओढत घेऊन गेलं. तोवर खोपोलीच्या गाड्या बंद होत्या. आम्हाला ओढून नेताना पळसदरीच्या प्लॅटफॉर्मवरच्या लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही. पाहुणे जेवून निघून गेले होते.

साबण कोणी घातला ते शोधायला फार वेळ लागला नाही, कारण घालणाऱ्याला ते लपवायचं नव्हतं. कर्जत स्टेशनची सफाई बघणारा कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, गुरव, उलट अभिमानाने पुढे आला.

"मॅडम, साहेब येनार म्हनून सगळ्या टाक्या साफ करायची ऑर्डर व्हती. ऑफिसवरची केली, स्टेशनवरची केली. इंजिनाच्या मागं बी टाकीच हाय ना? आत उतरून घासली पोरांनी. लिंबूवाली पावडर, चांगल्या कंपनीची."

"धुतली का नंतर?"

"धुतली की. पन आत फळ्या हाईत आडव्या, कोपऱ्यात वाकता येत नाय. राहिली असंल थोडी."

त्याच्यावर काय ओरडणार? टाकीच्या तळाशी राहिलेली ती पावडर पाणी भरल्यावर विरघळली, एवढंच. टेंडरमध्ये साबण घालू नये, असं आमच्या कुठल्याच सूचनेत नव्हतं. कोणी घालेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बॉयलर निवल्यावर मी टॉर्च घेऊन फायरबॉक्समध्ये शिरले. माझ्यामागे मामाही आले. पत्रा सरळ होता, फुगवटा नव्हता. मग मी प्लग बघितला. शिसं खालून चकचकीत झालं होतं आणि त्याच्या टोकाला एक थेंब लोंबकळत गोठला होता. वितळायला सुरुवात होऊन थांबलेलं.

मामांनी त्या थेंबाला बोट लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"तुमी बोलला नसता तर मी फुडच्या स्टेशनापर्यंत, लौजीपर्यंत नेली असती," ते म्हणाले.

"लौजीपर्यंत पोचली नसती, मामा."

"तेच म्हंतोय मी."

प्लग बदलायचा होताच. जुना मी रुमालात गुंडाळला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. चौथऱ्याची फाइल तिथेच उघडी होती.

"हे काय?"

"रोहिदास दारासमोर उभा होता, साहेब. तो आणि वाफ यांच्यामध्ये एवढंच शिल्लक होतं."

साहेबांनी तो थेंब बघितला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी प्लग माझ्याकडे सरकवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मागे डिझेल लावा." पुढची वेळ आहे, हे मला तेव्हा कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी बाहेर येऊन पुसलं.

पुढच्या वेळी बँड नव्हता, पाहुणे नव्हते. कॉइल तशाच होत्या आणि मागे डिझेल होतं. निघण्याआधी मी टेंडरचं पाणी बाटलीत भरून हलवलं. आता हे प्रत्येक वेळी करते. फेस टिकला तर गाडी जात नाही. काच सगळा वेळ वरखाली होत राहिली, खरं पाणी होतं ना, आणि ती तशी हलताना बघून मला इतकं बरं वाटलं. दुपारी आम्ही खोपोलीच्या कारखान्यात वॅगन लावले. क्रेनवाल्याने आमच्या इंजिनाकडे पाहिलं, मागच्या डिझेलकडे पाहिलं आणि मामांना विचारलं, "डिझेल बंद पडलं काय? तुमाला ओढावं लागलं?"

"व्हय," मामा म्हणाले. "नवीन हाय ना ते. दम लागतो त्याला."

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एक गोष्ट शिकले, ती कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. साहेब येणार असं कळलं की लोक काय तयारी केली ते विचारतात. मी विचारते, काय काय धुतलंय.